तिशीपुढचा रनिंग बॅक: थांबायचं की दुसऱ्या संघात जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, फेब्रुवारीत संपतो आणि मार्चच्या मध्याला लीगचं नवं वर्ष सुरू होतं. मधल्या या काही आठवड्यांत दरवर्षी कुणा ना कुणा तिशीपुढच्या रनिंग बॅकचं नाव चर्चेत येतं. संघ त्याला ठेवेल का? नाही ठेवलं तर तो दुसरीकडे जाईल, की खेळ सोडेल? अमेरिकेतले मराठी मित्र आणि भारतात पहाटे उठून सामने बघणारी त्यांची भाचरं मला हे प्रश्न विचारतात. माझी उत्तरं फिरून फिरून डॅलस काउबॉइज संघाचा रनिंग बॅक एमिट स्मिथ याच्यापाशी येतात. त्या काळी मी डॅलसला लागून असलेल्या अर्विंगमध्ये राहत होतो. काउबॉइजचं टेक्सास स्टेडियम त्याच गावात होतं. २००३ साली डॅलसने सोडल्यावर दुसऱ्या संघाकडून खेळायचा स्मिथने घेतलेला निर्णय तेव्हा मला साफ चुकीचा वाटला होता. आज तसं वाटत नाही.

रनिंग बॅक म्हणजे नेमका कोण?

संघाचा हल्ला चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून हातात चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा खेळाडू. पुढचे धिप्पाड लाइनमन त्याला वाट करून देतात आणि तो जमेल तेवढे यार्ड पुढे जातो. अशा प्रत्येक धावेला ‘कॅरी’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिवाय त्याला छोटे पास पकडावे लागतात आणि क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्याला छातीवर घेऊन थोपवावंही लागतं.

या जागेवर तिशीची एवढी धास्ती का? क्वार्टरबॅक तर चाळिशीपर्यंत खेळतात.

क्वार्टरबॅकला हात लावण्यावरही नियमांची बंधनं आहेत. रनिंग बॅकची जवळपास प्रत्येक कॅरी त्याला कुणीतरी जमिनीवर आपटल्यावरच संपते, आणि आपटणारा बहुतेक वेळा शंभर किलोच्या आसपासचा असतो. स्मिथच्या नावावर ४,४०९ कॅरी आणि ५१५ झेल आहेत. म्हणजे जवळजवळ पाच हजार वेळा हा माणूस चेंडू घेऊन माणसांच्या भिंतीवर गेला. त्यामुळे या जागेवरच्या खेळाडूचं वय जन्मतारखेवरून काढण्यात अर्थ नाही. ते कॅरी मोजूनच कळतं.

लोकांना वाटतं, आधी वेग जातो. माझ्या मते आधी जाते ती पहिल्या पावलाची उसळी. लाइनमधली फट सेकंदभरही उघडी राहत नाही. अर्धं पाऊल उशीर झाला की पाच यार्डांच्या जागी दोनच मिळतात. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, लाइनने वाट दिली नाही. आकड्यांत याची खूण अशी दिसते की वीस-तीस यार्डांच्या लांब धावा आधी नाहीशा होतात. सरासरी त्यानंतर घसरते.

स्मिथ टिकला, कारण तो मुळातच वेगावर जगणारा नव्हता. १९९० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तेव्हा, तो बुटका आहे, पुरेसा वेगवान नाही, असं म्हटलं जात होतं आणि त्याच्याआधी सोळा जणांची नावं पुकारली गेली. त्याच्याकडे नजर होती, तोल होता, आणि फट उघडेपर्यंत एक क्षण थांबण्याचा धीर होता. या गोष्टी उशिरा म्हाताऱ्या होतात.

तरीही शरीर कधी पाठ फिरवेल, याचा नेम नसतो. न्यूयॉर्क जेट्सच्या कर्टिस मार्टिनने २००४ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी १,६९७ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, तोही फक्त एका यार्डाच्या फरकाने. पुढच्याच हंगामात गुडघा गेला आणि तो पुन्हा मैदानात उतरला नाही.

करार असताना संघ एवढ्या मोठ्या खेळाडूला सोडतो कसा?

एनएफएलच्या करारातली पुढच्या वर्षांची रक्कम बऱ्याचदा हमीची नसते. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. करार करताना दिलेला बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण कॅपच्या हिशोबात तो कराराच्या वर्षांवर वाटून धरला जातो. खेळाडूला मध्येच सोडलं तर उरलेला हिस्सा संघाच्या अंगावर येतो, आणि त्याचा पुढचा पगार मात्र वाचतो. संघ या दोन आकड्यांची तुलना करतो. त्यात ड्राफ्टमधून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा चार वर्षांच्या स्वस्त करारावर उपलब्ध असतो. अनुभवी खेळाडूचा पगार तिथेच डोळ्यांत भरतो.

२००३ मध्ये एमिट स्मिथच्या बाबतीत नेमकं काय झालं?

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. डॅलस काउबॉइजने नव्वदच्या दशकात तीन सुपर बोल जिंकले. त्या संघाचे तीन खांब होते: क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन, रिसीव्हर मायकल अर्विन आणि रनिंग बॅक स्मिथ. त्याचं मोल कळायला १९९३ चा हंगाम पुरेसा आहे. करारावरून वाद होऊन तो पहिले दोन सामने खेळला नाही. संघ दोन्ही हरला. तो परतला, त्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पुन्हा सुपर बोल जिंकला. त्याच हंगामातल्या शेवटच्या साखळी सामन्यात, २ जानेवारी १९९४ ला, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याचा खांदा निखळला. त्या खांद्यानिशी तो खेळत राहिला. दिवसअखेर ३२ कॅरी, १६८ यार्ड आणि जादा वेळेत विजय. डॅलसमधल्या कुणालाही स्मिथबद्दल विचारा, तो आधी याच सामन्याबद्दल बोलेल.

पुढे खांब एकेक करून गेले. मानेच्या दुखापतीमुळे अर्विन २००० मध्ये थांबला. डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे आणि पाठीच्या दुखण्यामुळे एकमन २००१ मध्ये निवृत्त झाला. २०००, २००१ आणि २००२ या तिन्ही वर्षी संघाने १६ पैकी फक्त पाच-पाच सामने जिंकले. त्या पडक्या दिवसांत स्मिथ कारकिर्दीत सर्वाधिक धावण्याच्या, वॉल्टर पेटनच्या १६,७२६ यार्डांच्या विक्रमाकडे सरकत होता. २७ ऑक्टोबर २००२ च्या रविवारी सिएटल सीहॉक्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये अकरा यार्डांची धाव घेऊन त्याने तो विक्रम मोडला. खेळ थांबला. वर्षानुवर्षं त्याच्यापुढे धावून वाट काढून देणारा फुलबॅक डॅरिल जॉन्स्टन तोवर निवृत्त झाला होता, तोही मैदानात आला आणि दोघं गळ्यात पडून रडले. सामना मात्र काउबॉइज १७-१४ असा हरले.

जानेवारी २००३ मध्ये बिल पार्सेल्स नवे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांना संघ नव्याने उभा करायचा होता. स्मिथ ३३ वर्षांचा होता आणि राखीव बाकावर बसायला तयार नव्हता. २७ फेब्रुवारीला काउबॉइजने त्याला मोकळं केलं. मार्चमध्ये त्याने अॅरिझोना कार्डिनल्सशी दोन वर्षांचा करार केला.

विक्रम झाला होता, सुपर बोल विजेत्याच्या तीन अंगठ्या होत्या. तिथेच थांबायला हवं होतं, नाही का?

त्या वेळी मी हेच म्हणत होतो, तेही तावातावाने. टेंपीच्या अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये २२ नंबरची लाल जर्सी घातलेला स्मिथ मला बघायचाच नव्हता.

आता मागे वळून बघताना माझ्या लक्षात येतं की ती इच्छा माझी होती, त्याची नव्हती. १९९१ ते २००१ अशी सलग अकरा वर्षं तो हजार यार्डांच्या पुढे गेला होता. २००२ मध्ये, मोडकळीला आलेल्या लाइनमागे, तो ९७५ वर राहिला. ज्याने अकरा वर्षं चार आकडे बघितले, त्याला पंचवीस यार्ड कमी पडले म्हणून आपण संपलो असं वाटणार नाही. शिवाय थांबायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. डॅलसने त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं होतं. अशा वेळी ‘मान राखून थांब’ असं म्हणणं म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या निकालावर त्याला सही करायला लावणं.

पण अॅरिझोनात तो अपयशीच ठरला ना?

पहिलं वर्ष वाईट गेलं, आणि ते किती वाईट होतं हे मी अर्विंगमध्येच पाहिलंय. ५ ऑक्टोबर २००३ ला कार्डिनल्सचा सामना टेक्सास स्टेडियममध्येच होता. ज्या मैदानावर त्याने विक्रम मोडला होता, तिथे त्याने सहा कॅरी केल्या आणि त्याची बेरीज आली उणे एक यार्ड. त्यातच खांद्याचं हाड मोडलं आणि तो मैदानाबाहेर गेला. तो हंगाम संपला तेव्हा नव्वद कॅरी आणि २५६ यार्ड एवढंच त्याच्या नावावर जमा झालं होतं. त्याच वर्षी डॅलसने त्याच्या जागी ट्रॉय हॅम्ब्रिकला खेळवलं, त्याने ९७२ यार्ड केले आणि संघ दहा सामने जिंकून प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत, गेला. पार्सेल्सचं गणित बरोबर निघालं, हे मान्य करायलाच हवं.

लोक इथे थांबतात. २००४ बद्दल कुणी बोलत नाही. त्या वर्षी, ३५ वर्षांच्या पायांनी, त्याने २६७ कॅरीत ९३७ यार्ड केले आणि नऊ टचडाउन घेतले, म्हणजे नऊ वेळा चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत पोहोचला. सरासरी साडेतीन यार्डांची, म्हणजे पूर्वीचा स्मिथ राहिला नव्हता हे खरं. पण या वयात एवढा भार उचललेले रनिंग बॅक शोधायला बसलात तर हाताची बोटंही पुरून उरतील. कारकिर्दीतला एकमेव टचडाउन पासही त्याने त्याच वर्षी टाकला. संघ सोळांपैकी सहाच सामने जिंकला, तरी आदल्या वर्षीपेक्षा दोन जास्त.

माझं मत बदललं ते या दुसऱ्या वर्षामुळे. उणे एक यार्डावर आणि मोडलेल्या हाडावर तो गेला असता तर निर्णय पुन्हा शरीराने घेतला असता. तो परत आला, जवळपास पूर्ण हंगाम खेळला, आणि ३ फेब्रुवारी २००५ ला जॅक्सनव्हिलमध्ये, सुपर बोलच्या आठवड्यात, स्वतः उभा राहून त्याने खेळ सोडल्याचं सांगितलं. विक्रमाचा आकडा आज १८,३५५ आहे. त्यातले १,१९३ यार्ड अॅरिझोनाचे आहेत. ते काढून टाकले तरी विक्रम त्याचाच राहतो, म्हणजे तो तिथे आकड्यासाठी गेला नव्हता.

मग आकड्यासाठी गेलेला कुणी आहे का?

फ्रँको हॅरिसचं उदाहरण फार बोचतं. पिट्सबर्ग स्टीलर्सला चार सुपर बोल जिंकून देणारा हा खेळाडू १९८३ अखेर ११,९५० यार्डांवर होता. जिम ब्राउनचा तेव्हाचा विक्रम १२,३१२ चा. फक्त ३६३ यार्ड हवे होते. पण करारावरून ताणलं गेलं आणि १९८४ च्या हंगामाआधी स्टीलर्सने त्याला सोडलं. सिएटलचा रनिंग बॅक पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला, म्हणून सीहॉक्सने घाईने हॅरिसला बोलावलं. सराव शिबिर झालेलं नाही, लाइन अनोळखी, वय ३४. आठ सामन्यांत १७० यार्ड झाले आणि सीहॉक्सनेही त्याला सोडलं. विक्रम १९२ यार्डांनी राहिला. त्याच मोसमात पेटनने ब्राउनला मागे टाकलं, त्यामुळे हॅरिस पोहोचला असता तरी पहिलं स्थान त्याच्याकडे राहिलं नसतं.

हॅरिसचं मोठेपण यामुळे रतीभरही कमी होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीलर्स त्याचा ३२ नंबर निवृत्त करणार होते. समारंभाला चार दिवस उरले असताना तो गेला. ती जर्सी त्याच्या माघारी वर चढली.

भर बहरात थांबलेले जास्त शहाणे नव्हेत का?

जिम ब्राउन १९६६ मध्ये तिशीत थांबला. लंडनला चित्रपटाचं चित्रीकरण लांबलं, क्लीव्हलंडचे मालक दंडाची भाषा बोलू लागले, आणि त्याने खेळच सोडला. बॅरी सँडर्सने जुलै १९९९ मध्ये आपल्या विचिटा या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. पेटनला गाठायला त्याला १,४५७ यार्ड कमी होते, म्हणजे एका बऱ्या हंगामाचं काम. डेट्रॉइटच्या चाहत्यांना ते अनेक वर्षं गिळता आलं नाही.

दोघांचा मला आदर आहे. पण ‘बघा, ते कसे थांबले’ असं म्हणून स्मिथला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं बघावं की ब्राउन आणि सँडर्स त्यांच्या संघांना हवे होते. त्यांच्यापुढचा प्रश्नच वेगळा होता.

नव्या संघात जाऊन खरोखर फुललेलं कुणी आहे?

आहेत. मार्कस अॅलनला लॉस एंजेलिस रेडर्सने बाकावर कुजवलं होतं. १९९३ मध्ये, ३३ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटीला गेला आणि त्याच हंगामात बारा धावत्या टचडाउनसह आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या अर्ध्या संघांत, पहिला आला. पुढे ३७ पर्यंत खेळला. एड्रियन पीटरसनने ३३ व्या वर्षी वॉशिंग्टनसाठी १,०४२ यार्ड केले. अलीकडचं ठळक नाव डेरिक हेन्री. मार्च २०२४ मध्ये टेनेसी सोडून बाल्टिमोरला गेला आणि तिशीत १,९२१ यार्ड धावला. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लामार जॅक्सन स्वतःच जबरदस्त धावतो, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना दोघांकडे लक्ष ठेवावं लागतं आणि हेन्रीला मोकळी जागा मिळते. अॅलनसोबत कॅन्सस सिटीत जो मोंटाना हा नामांकित क्वार्टरबॅक होता.

दुसरी बाजू शॉन अलेक्झांडरची. २००५ मध्ये १,८८० यार्ड धावून तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ मध्ये वॉशिंग्टनसाठी चार सामने खेळला, एकूण २४ यार्ड.

म्हणून कुणी विचारलं की ‘अमुक कुठे जावा?’ तर मी आधी त्या संघाची लाइन आणि क्वार्टरबॅक बघतो. शहर, पैसा, हवा नंतर.

त्याच संघात कमी पगारावर, लहान भूमिकेत राहता येत नाही का?

येतं, पण त्यासाठी दोन्हीकडून नमतं घ्यावं लागतं. पिट्सबर्गचा जेरोम बेटिस २००४ च्या हंगामानंतर थांबणारच होता. तरुण क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरने त्याला ‘अजून एक वर्ष खेळा, सुपर बोलला नेतो’ असं वचन दिलं. बेटिस राहिला, ११० कॅरीत ३६८ यार्ड एवढंच काम वाट्याला आलं, पण टचडाउन नऊ. आणि सुपर बोल झाला डेट्रॉइटला, बेटिसच्या जन्मगावी. जिंकला आणि तिथेच निरोप घेतला. असं दान क्वचित पडतं. त्यावर आपला निर्णय बेतू नये.

शरीराचं आणि डोक्याचं काय? एकेक वर्ष वाढवण्याची किंमत किती?

हा प्रश्न सगळ्यांत जड आहे. अर्ल कॅम्पबेल सत्तरच्या दशकाच्या शेवटी ह्यूस्टनमध्ये माणसं अंगावर घेऊन धावायचा. त्याला टॅकल करणं म्हणजे शिक्षा असायची. तो ३१ व्या वर्षी थांबला आणि पुढे त्याला धड चालणंही कठीण झालं. टोनी डॉर्सेट डॅलसचा, स्मिथच्या आधीचा राजा. १९८८ मध्ये डेन्व्हरला गेला, ३४ व्या वर्षी ७०३ यार्ड केले. २०१३ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं की स्मरणशक्ती दगा देतेय, मुलींना खेळाच्या सरावाला नेताना रस्ता आठवत नाही.

डोक्याला वारंवार मार बसून मेंदूचा जो विकार होतो, त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. खेळत असताना आपण कुठवर आलोय, हे कुठल्याच तपासणीत दिसत नाही. मी वर स्मिथची बाजू घेतली, ती तो धडधाकट बाहेर पडला हे ठाऊक असताना घेतली आहे. कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागल्याचा, इतिहास असलेल्या खेळाडूबद्दल मला कुणी विचारलं, तर मी थांब म्हणेन. मग लाइन कितीही चांगली असो. एकमनने तेच केलं, आणि त्याच्या त्या निर्णयाबद्दल मला कधीच शंका आली नाही.

एक दिवसाचा करार म्हणजे काय?

निवृत्त होताना जुन्या संघाशी नावापुरता करार करून त्या संघाचा खेळाडू म्हणून थांबणं. आपल्या डोळ्यांसमोर निरोप म्हटलं की २०१३ चं वानखेडे येतं: घरचं मैदान, घरची माणसं, खेळपट्टीला शेवटचा नमस्कार. एनएफएलमध्ये असा निरोपाचा सामना कुणी ठरवून देत नाही. मग ही सही त्याची जागा घेते. स्मिथने डॅलसशी केली, लाडेनियन टॉमलिन्सनने चार्जर्सशी, फ्रँक गोरने फोर्टीनाइनर्सशी. गोर तर मधल्या काळात चार संघ फिरून आला होता आणि बरोबर १६,००० यार्डांवर थांबला.

थांबल्यावर पुढे काय?

हे आधीच ठरलेलं असेल तर निर्णय सोपा जातो. स्मिथ तिसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडून एनएफएलमध्ये आला होता. पदवी पूर्ण करीन असं त्याने आईला सांगितलं होतं आणि १९९६ मध्ये, तिसरा सुपर बोल जिंकल्याच्याच वर्षी, ती घेतली. निवृत्तीनंतर तो बांधकाम आणि जमीनजुमल्याच्या व्यवसायात उतरला, आणि २००६ मध्ये टीव्हीवरची नृत्यस्पर्धाही जिंकला.

अॅरिझोनाच्या त्या दोन वर्षांमुळे त्याच्या नावाला काही बट्टा लागला का?

महान खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये जायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. स्मिथची निवड पहिल्याच संधीला झाली. २०१० च्या एप्रिलमध्ये टेक्सास स्टेडियम सुरुंग लावून पाडलं. सकाळी लवकर आम्ही अर्विंगकर मुलाबाळांना घेऊन दूरवर उभे होतो. छताला मधोमध भोक असलेली ती इमारत काही क्षणांत बसली. ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटनला स्मिथ भाषणाला उभा राहिला. डॅरिल जॉन्स्टनचं नाव घेताना त्याचा गळा दाटून आला आणि त्याने त्याला सगळ्यांसमोर उभं राहायला सांगितलं. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसं होती. अॅरिझोनाचा विषय एकानेही काढला नाही.